रांजणाचं झाकण

"बाई, डोळे मिटा," मोहनीराज म्हणाला.

मी मिटले नाहीत. रविवारची सकाळ होती, ओसरीवर दुसरी-तिसरीतली सात पोरं बाराचा पाढा म्हणत होती, आणि अडतीस वर्षांचा माझा जुना विद्यार्थी काचेचा पेला घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. पेल्याच्या तळाशी दोन बोटं काळसर लाल काहीतरी होतं.

"काय आहे हे?"

"शिराज."

"म्हणजे दारू."

"वाइन, बाई."

"मोहन्या, समोर पोरं बसलीत."

त्यानं मागं वळून पाहिलं. "जा रे, चिंचेखाली जाऊन म्हणा." पोरं हलली नाहीत, माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली तशी चपला न घालताच पळाली.

"प्यायची नाहीये, बाई. नुसती हुंगायची. तुमची शपथ मोडत नाही त्यानं."

ती शपथ मी दर दोन ऑक्टोबरला अख्ख्या शाळेकडून म्हणवून घ्यायचे. उजवा हात पुढं करून, मी कधीही दारूला शिवणार नाही. मोहनीराज बोरस्ते चौथीत असताना सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. पुढं त्यानंच आमच्या पठारावर द्राक्षं लावली आणि वायनरी काढली. पठार उंच, हिवाळ्यात पहाटे पानांवरचं दव कडक होतं. ही द्राक्षं थंडीत सावकाश पिकतात आणि सावकाश पिकलेलं फळ टिकतं, असं तो सांगायचा. उद्घाटनाचं निमंत्रण द्यायला तो आला, तेव्हा मी त्याच्या हातावर साखर ठेवली आणि गेले नाही. नंतरही कधी गेले नाही.

"तुझं तू हुंग की," मी म्हणाले. "नाकाचंच काम ना तुझं?"

त्यानं पेला खाली ठेवला. शर्टाच्या खिशातून काड्यापेट्या काढल्या आणि एकेक करून सहा पेट्या सतरंजीवर मांडल्या. मला हसू आलं. माझा वासाचा तास! दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मी पोरांचे डोळे बांधायचे आणि नाकाखाली काड्यापेटी उघडायचे. लवंग, कापूर, हिंग, ओली माती, खोडरबर. इन्स्पेक्टर म्हणायचे, हे अभ्यासक्रमात नाही. मी म्हणायचे, नाक तर पोरांच्या चेहऱ्यावर आहे ना?

मोहनीराजनं पहिली पेटी उघडली, नाकाशी धरली, जोरात श्वास ओढला. दुसरी उघडली. तिसरी. सहाव्या पेटीपर्यंत त्याचा चेहरा जसाच्या तसा होता.

"ह्यात हिंग आहे," तो म्हणाला. "वर लिहिलंय म्हणून कळतं."

मी ती पेटी उचलून हुंगली. हिंगच होता.

"दीड वर्ष झालं. गाडीवरून पडलो नव्हतो का, डोक्याच्या मागं टाके पडले होते? तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित, नाहीही येणार. रोज सकाळ-संध्याकाळ ह्या पेट्या हुंगतो. सांडलेलं डिझेल कळत नाही मला, बाई. चूल पेटलेली कळत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"चारूला. आणि आता तुम्हाला."

चारूशीला त्याची बायको, त्याच्याच वर्गातली. पहिल्या बाकावर बसायची, वेणीला लाल रिबन. मोठेपणी घरच्यांनीच दोघांचं जुळवलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी एक हिवाळा असा पडला की द्राक्षं महिनाभर उशिरा पिकली. त्या वर्षीची शिराज त्यानं विकलीच नाही. दोन वर्षं लाकडी पिंपात ठेवली, मग बाटल्यांत भरली आणि आडवी करून तळघरात लावली. तशी थंडी पुन्हा पडली नाही. आता पडली असती तरी त्याला काय कळणार होतं?

"माझ्या नाकानं केलेली ती एकच खरी वाइन आहे, बाई. बाकीच्या ठीक होत्या. ही माझी."

"मग?"

"मग तीन माणसांना पाजली, तिघांची तीन मतं. पुण्याचे राजवाडे आले होते. मोठ्या हॉटेलात आयुष्य काढलेला माणूस. पेला असा फिरवला, नाक आत घातलं आणि डोळेच मिटले. म्हणाले, पावसानंतरचं जंगल आहे हे. अळंबी आहे, ओला पालापाचोळा आहे, जुनं चामडं आहे. थंड जागेची सिराह म्हातारी होते ती अशीच होते. अजून दहा वर्षं ठेवा म्हणाले. शिराजला सिराह म्हणतात ते."

"चांगलं आहे की."

"मुंबईच्या मिस्त्रीबाई आल्या. एक घोट घेतला आणि थुंकला. म्हणाल्या, फळ मेलंय. जीवच नाही राहिला. चार वर्षांपूर्वी विकायला हवी होती, उशीर केलात."

"आणि तिसरं कोण?"

"आमची नाकाडी, चारू." तो हसला, पण ते हसणं टिकलं नाही. "म्हणते, जंगल नाही आणि म्हातारपण नाही. ओल्या गोणपाटाचा वास येतोय. वाइन नासलीय. राजवाड्यांनी सगळा माल उचलायचं ठरवलंय, बाटलीवर माझं नाव घालून. दीड वाजता ट्रक येतोय. आणि हिनं काल तळघराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. म्हणते, नासकी वाइन तुमच्या नावानं बाहेर जाऊ देणार नाही."

"तिचं नाक चांगलं होतं, मोहन्या."

"तिला हा धंदाच आवडत नाही, बाई! द्राक्षं सरळ मार्केटला पाठवा म्हणून दहा वर्षं मागं लागलीय. खोटं बोलत नसेलही, पण मला कसं कळणार? मला कसं कळणार, सांगा ना!" त्याचा आवाज फाटला. चिंचेखालचा पाढा थांबला. "दोन महिने मी रात्रंदिवस हेच करतोय. बाटली उघडायची, नाक घालायचं. पाणी हुंगावं तसं. हे गेलं तर माझं काही उरलं नाही, बाई. नाक गेलं, आणि नाकानं केलेलं होतं तेही गेलं."

"मी दारूतलं काय सांगणार?"

"तुम्ही खोटं बोलणार नाही. आणि तिनंच तुमचं नाव घेतलं. म्हणाली, बाईंना आणा. बाई म्हणतील ते मी ऐकते. बाई ठीक म्हणाल्या तर कुलूप उघडते."

मी पेला उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. डोळे मिटले आणि नाकाशी नेला. आधी आंबटसर तिखट भपकारा आला. त्याच्यामागं जांभळासारखं काहीतरी, फार लांबचं. आणि त्याच्याही मागं आणखी एक वास, माझ्या ओळखीचा. कुठला, ते काही केल्या आठवेना.

"काय?" मोहनीराज पुढं झुकला होता. "काय येतंय, बाई?"

"इथं नाही कळत," मी म्हणाले. "मला तुझ्या तळघरात ने."

पोरांना सुट्टी दिली आणि त्याच्या जीपमध्ये बसले.  वाटेत तो एका हातानं गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हातानं खिशातल्या पेट्या चाचपत होता.

चारूशीला तळघराच्या दारातच उभी होती. पदर खोचलेला, कमरेला किल्ली. वाकून नमस्कार केला.

"या, बाई. पहिल्यांदाच आलात."

"हो गं."

"चहा ठेवू?"

"चहा राहू दे," मोहनीराज म्हणाला. "उघड."

"मी कुठं नाही म्हणतेय? तुम्ही बाईंना आणलंत, मी उघडते." तिनं कुलूप काढलं. दार ढकलताना माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आत गार होतं. भिंतींना चुना, फरशी पांढरीस्वच्छ. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे मांडव आणि त्यांवर बाटल्या आडव्या, एकावर एक. पलीकडे ओळीनं लाकडी पिंपं. फळ्या ओल्या होत्या, नुकत्याच धुतल्यासारख्या.

"बघा, बाई, किती स्वच्छ ठेवलंय," तो म्हणाला. "काल शनिवार होता ना. भांडण असो काही असो, शनिवार मी चुकवत नाही. हिनं कुलूप लावायच्या आधीच सगळं धुऊन घेतलं."

मी दोन पावलं आत गेले आणि थांबले. पेल्यात जे फार मागं होतं, ते इथं चारी बाजूंनी अंगावर आलं. मी डोळे मिटले नव्हते, तरी माझ्यासमोर आमच्या शाळेचा व्हरांडा उभा राहिला. रांजण, त्याच्यावरचं आंब्याच्या फळीचं गोल झाकण.

कोपऱ्यात निळं पिंप होतं, त्यावर प्लॅस्टिकचा मग उपडा घातलेला.

"काय टाकून धुतोस?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"ब्लीचिंग पावडर. फळ्या, पिंपांची बाहेरची अंगं, फरशी, सगळं. पहिल्या दिवसापासून." त्याच्या चेहऱ्यावर चौथीतला मोहनीराज आला, गृहपाठाची वही पुढं करणारा. "तुमच्यासारखंच, बाई."

ते साल शहाऐंशीचं होतं. पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली आणि शेजारच्या वस्तीतलं एक लेकरू गेलं. मी घाबरले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीच्या पोरांना घेऊन ब्लीचिंग पावडरनं सगळं धुऊन काढायचे. व्हरांडा, रांजण, आणि रांजणाची लाकडी झाकणंही. खसाखसा. महिन्याभरानं एके दिवशी चारूशीला पाण्याचा पेला तोंडाशी नेऊन थांबली.

"बाई, पाण्याला कुबट वास येतोय."

"पावडरचा असेल."

"पावडरचा नाही, बाई. झाकणाचा येतोय. भिजलेल्या गोणपाटासारखा."

मी हुंगलं. मला काही आलं नाही. रोज त्याच व्हरांड्यात असायचे मी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, आणि तिच्यामागून आणखी दोघी पाणी पिईनात. साथीच्या दिवसांत पोरं पाणी पिईनाशी झाली तर? मी चिडले. माझा आवाज वर्गात कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. तिला वर्गापुढं उभं केलं आणि म्हणाले, "स्वच्छतेला वास असतोच. फार नाक चढलंय तुझं, नाकाडे." आणि तो अख्खा पेला सगळ्यांसमोर तिला प्यायला लावला. तिनं डोळ्यांतून पाणी काढत संपवला. वर्ग हसला. ते नाव तिला त्या दिवशी मी ठेवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आरोग्य केंद्राचा माणूस पाणी तपासायला आला. त्यानं झाकण उचललं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "बाई, लाकडावर ही पावडर मारू नका. लाकडात बुरशी असते, तिला ही लागली की असा कुबट वास धरतो आणि मग जन्मात सुटत नाही. पाण्यातही उतरतो. पत्र्याची झाकणं करा." मी जूनच्या आत पत्र्याची झाकणं करून घेतली. तो वर्ग जूनमध्ये पाचवीला तालुक्याच्या शाळेत गेला. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय, मी चुकले होते म्हणून? झाकणं बदलली, एवढं पुरे झालं असं मला वाटलं.

"बाई?" मोहनीराज म्हणाला. "बोला ना. ठीक आहे ना?"

चारूशीला दाराला टेकून उभी होती. 

वाइन म्हातारी झाली, तिचं आयुष्य संपलं, एवढंच मी म्हणू शकले असते. मिस्त्रीबाईंसारखं. त्याला दुःख झालं असतं, पण ते कुणाच्या चुकीनं झालं नसतं. पण पिंपं समोर दिसत होती. त्यांत दोन वर्षांची वाइन होती, आणि पंधरा दिवसांनी नवी द्राक्षं तोडायची होती.

"ठीक नाही," मी म्हणाले. "चारू म्हणते ते खरं आहे. आणि ते ह्या फळ्यांतून, पिंपांतून आलंय. लाकडाला ब्लीचिंग पावडर लागली की असा वास धरतो. तो वाइनमध्ये उतरलाय."

"नाही."

"मोहन्या..."

"नाही, बाई. स्वच्छतेला वास असतोच. तुम्हीच सांगितलंत."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

त्याला ते कळायला वेळ लागला. "मग मला आला का नाही? तेव्हा माझं नाक होतं! पाच वर्षं मी ह्या वाइनच्या अंगाअंगाशी होतो!"

"तू रोज इथंच असायचास. मलाही शाळेत आला नव्हता. सुरुवातीला फळाचा वास दांडगा असेल, त्याखाली हा दबला असेल. फळ विझत गेलं आणि हा वर आला."

"तुम्हाला कधी कळलं? चुकीचं होतं हे?"

"त्याच उन्हाळ्यात."

"मग सांगितलं का नाही?"

  त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात छडी खाऊनही कुणा पोरानं तसं पाहिलं नसेल. मग तो वळला, मांडवातून एक बाटली ओढली, बूच काढलं आणि पेल्यात ओतून माझ्यापुढं धरली.

"ही बघा. ही आतल्या बाजूची आहे."

मी हुंगलं. "आहे."

त्यानं दुसरी उघडली. "ही खालच्या थरातली."

"आहे."

तिसरी, चौथी. एक पेला त्याच्या हातून निसटून फुटला. चारूशीला पुढं आली, काचा पायानं बाजूला केल्या आणि दुसरा पेला घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तो ओतायचा, आधी मी हुंगायचे, मग ती.

"आहे," ती म्हणायची.

"एक तरी असेल," मोहनीराज म्हणत होता. "एवढ्यांत एक तरी असेल. एकच द्या मला. एक."

नववी की दहावी असेल. भिंतीलगतची होती, धूळ बसलेली. बूच काढताना तो रडत होता, आणि पेला पुढं करताना त्यानं डोळे मिटले होते. मी हुंगलं. तोच वास. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही रे. ह्यात नाही. ही चांगली आहे."

त्यानं डोळे उघडले. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. पेला माझ्या हातातून घेऊन त्यानं छातीशी धरला.

चारूशीलानं हात पुढं केला. "आण इकडं, मोहन्या." एरवी माझ्यासमोर ती त्याला अहो-जाहो करायची. त्यानं पेला दिला. तिनं हुंगलं. मग सरळ माझ्याकडे पाहिलं, शहाऐंशीत त्या व्हरांड्यात पाहिलं होतं तसंच.

"बाई, वास येतोय," ती म्हणाली.

मोहनीराज एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. कुणाचं ऐकायचं ते त्याला माझ्या तोंडून हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "येतोय. मी खोटं बोलले."

तो खाली फरशीवर बसला.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. चारूशीला गेली, मी तिच्यामागं गेले. ड्रायव्हरला तिनं दोन वाक्यांत परत पाठवलं. राजवाड्यांना फोन लावला आणि तेवढ्याच शांतपणे सांगितलं, माल देता येणार नाही. फोन ठेवून ती उन्हात उभी राहिली.

"चारू," मी म्हणाले. "चौथीत तुझं बरोबर होतं."

"माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मला वास येत होता ना." तिनं तळघराकडे पाहिलं. "वाइनचा वास आला तेव्हा मला लगेच कळलं, हा आपल्या रांजणाच्या झाकणाचा आहे. चार वेळा सांगितलं ह्यांना. म्हणाले, बाईंची पद्धत आहे, ती चुकीची कशी असेल? म्हणून म्हटलं, बाईंनाच आणा."

आतून बूच निघाल्याचा आवाज आला. मग काच फरशीवर घासल्याचा. मग आणखी एक बूच. आत हुंगणारं कुणी नव्हतं, आणि तो उघडतच होता.

चारूशीलानं डोळे पुसले, पदर पुन्हा खोचला. "थांबा," ती आत बघून म्हणाली. "एकट्यानं नका उघडू. मी येते."

मी दाराच्या पायरीवर बसून राहिले. मला घरी सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, मीही आठवण केली नाही. ऊन पठारावरून उतरेपर्यंत मी ऐकत होते. बूच निघायचं. वाइन ओतल्याचा आवाज यायचा. मग तो विचारायचा, दर वेळी तितक्याच आशेनं, "ह्यात?"

आणि दर वेळी ती नीट हुंगून, घाई न करता सांगायची, "ह्यातही आहे."